पहिले प्रेक्षक

मडके भाजून झाले, की कुंभार ते बोटाने वाजवून पाहतो. आवाज खणखणीत आला, तर मडके पक्के. बद्द आला, तर त्याला कोठेतरी तडा गेलेला आहे, हे त्याला तत्काळ समजते. स्वयंपाक करणारी गृहिणी आमटीचे दोन थेंब तळहातावर घेऊन चाखते. आपल्या हातून उतरलेली वस्तू चांगली झाली की नाही, हे ताडण्याची काही ना काही खूण प्रत्येक कारागिराजवळ असते. चित्रपट तयार करणाऱ्याचे काम मात्र याहून अवघड आहे. चित्रपट हातात धरून वाजवता येत नाही. तो पडद्यावर दिसत असला, तरी घडतो पाहणाऱ्याच्या मनात. पाहणाऱ्याला गोष्ट समजली, तो हसला, हळहळला, पुढे काय होणार म्हणून सरसावून बसला, तर चित्रपट साधला. नाही तर तो केवळ हलणाऱ्या चित्रांचा खेळ ठरतो. म्हणून चित्रपटाची परीक्षा करावयाची, तर तो प्रेक्षकांपुढेच ठेवावा लागतो.

आज अनेक शाळांतील मुले लहान लहान चित्रपट तयार करतात. पूर्वी ह्या कामासाठी मोठी यंत्रसामग्री, फिल्मची रिळे, ती धुण्याची रसायने आणि बराच पैसा लागत असे. आता मोबाइलने चित्रण करता येते आणि संगणकावर दृश्यांची जुळणी करता येते. साधने सोपी झाली; परंतु एक अडचण जशीच्या तशी राहिली. आपला चित्रपट इतरांना कसा दिसतो, हे तो तयार करणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी कधीच पाहता येत नाही.

असे का व्हावे, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. एखाद्या शाळेतील सातवीच्या मुलांनी सहा मिनिटांचा एक लघुपट तयार केला आहे, अशी कल्पना करावी. त्याची कथा अगदी साधी आहे. पावसाळ्याचे दिवस आहेत. एक आजी एस. टी. च्या थांब्यावर बाकावर बसलेली आहे. गाडी येते, आजी घाईघाईने गाडीत चढते आणि तिची छत्री बाकाला टेकलेली तशीच राहते. थोड्या वेळाने एक मुलगा तेथे येतो. तो छत्री उचलतो आणि चालू लागतो. दोन दिवस तो मोठ्या ऐटीत ती मिरवतो. तिसऱ्या दिवशी भर पावसात तीच आजी डोक्यावर पदर घेऊन, कुडकुडत त्याच थांब्यावर उभी असलेली त्याला दिसते. तो घरी जातो आणि ओसरीवर छत्रीकडे पाहत बराच वेळ बसून राहतो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा थांब्यावर येतो, छत्री आजीच्या हातात ठेवतो आणि काही न बोलता पावसात भिजत निघून जातो.

ही कथा मुलांनीच लिहिली, त्यांनीच तिचे चित्रण केले आणि दृश्यांची जुळणी करताना तो लघुपट त्यांनी पन्नास वेळा पाहिला. छत्री कोणाची, मुलगा उदास का, त्याच्या मनात काय चालले आहे, हे सारे त्यांना आधीपासूनच ठाऊक आहे. साहजिकच, पहिल्या दृश्यात बाकाच्या काळोख्या कडेला टेकलेली छत्री त्यांना लख्ख दिसते. वस्तुतः ती पडद्यावर जेमतेम एक क्षण दिसते, तीही अंधुक. परंतु जे मनाला ठाऊक असते, ते डोळ्यांना दिसू लागते. ज्याने ही कथा कधी ऐकलेलीच नाही, त्याला ती छत्री दिसेल काय? हा प्रश्न त्या मुलांच्या मनात येणेच कठीण. कारण आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट काही काळ ठाऊक नसल्यासारखी करणे माणसाला साधत नाही.

त्यांच्यापुढे दुसराही एक अडसर असतो. आपल्या कष्टांवर माणसाचे प्रेम असते. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ ही म्हण कलाकृतीलाही लागू पडते. समजा, ह्या लघुपटात डोंगरावर उतरणाऱ्या पावसाळी ढगांचे चाळीस सेकंदांचे एक दृश्य आहे. ते टिपण्यासाठी मुलांना तीन दिवस पहाटे उठून चिखलात उभे राहावे लागले; एकाने मोबाइल धरला, दुसऱ्याने त्यावर छत्री धरली, आणि तिसऱ्या दिवशी कोठे मनाजोगते ढग मिळाले. आता ते दृश्य पाहताना मुलांना त्या तीन पहाटा आठवतात आणि दृश्य फार सुंदर वाटते. प्रेक्षकाला त्या पहाटा आठवत नाहीत. त्याला केवळ ढग दिसतात, आणि मुलाचे पुढे काय झाले, म्हणून तो वाट पाहत राहतो.

ही अडचण काही आजची नव्हे. जगातील मोठमोठ्या चित्रपटकारांनाही ती जाणवली, आणि तिच्यावर त्यांनी एक उपाय शोधून काढला. सुमारे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत हॅरॉल्ड लॉइड आणि बस्टर कीटन हे दोन नट आपल्या विनोदी मूकपटांबद्दल विशेष प्रसिद्ध होते. कीटन लहानपणापासून आईवडिलांबरोबर रंगभूमीवर काम करीत असे. रंगभूमीवरील नटाला आपला विनोद साधला की फसला, हे त्याच क्षणी कळते. कारण समोरचे हसू त्याला ऐकू येते. कॅमेऱ्यापुढे मात्र असे कोणतेच उत्तर मिळत नाही. म्हणून हे नट चित्रपट पुरा होत आला, की तो एखाद्या लहान गावातील चित्रपटगृहात नेऊन दाखवीत आणि स्वतः प्रेक्षकांत बसून कान देऊन ऐकत. हसू कोठे आले, कोठे येता येता राहिले, लोक खुर्चीत कोठे चुळबुळ करू लागले, हे टिपून ते परत येत. मग चित्रपटात काटछाट होई. वेळ पडल्यास काही दृश्ये नव्याने चित्रित केली जात. आणि त्यानंतरच तो सर्वत्र प्रदर्शित होई.

लॉइडचा ‘आय डू’ हा १९२१ सालचा लघुपट असाच घडला. तो प्रथम तीन रिळांचा होता. नायक-नायिकेचे लग्न कसे जमले, हे पहिल्या रिळात दाखविलेले होते, आणि खरी धमाल पुढच्या दोन रिळांत होती. पूर्वखेळाला आलेल्या प्रेक्षकांना तो चित्रपट फारसा रुचला नाही. तेव्हा लॉइडने पहिले रीळ संपूर्ण काढून टाकले आणि चित्रपट पुन्हा दाखविला. आता तोच चित्रपट प्रेक्षकांना मनापासून आवडला. नवीन असे काहीच घातलेले नव्हते. केवळ तिसरा हिस्सा वजा केलेला होता. एक संपूर्ण रीळ, म्हणजे अनेक माणसांचे कित्येक दिवसांचे श्रम, त्याने बाजूला ठेवले. कोणत्याही कलावंताला हे सोपे वाटणार नाही.

कीटनचा अनुभव याहून अधिक बोधप्रद आहे. १९२४ साली त्याने ‘द नॅव्हिगेटर’ हा चित्रपट तयार केला. एक श्रीमंत तरुण आणि एक तरुणी एका मोठ्या रिकाम्या जहाजावर एकटीच सापडतात आणि जहाज समुद्रात भरकटत जाते, अशी त्याची कथा आहे. पुढे ते जहाज एका बेटाजवळ अडकते. बेटावरील क्रूर लोकांपासून धोका असतो. जहाज दुरुस्त करण्यासाठी नायक पाणबुड्याचा पोशाख चढवून समुद्राच्या तळाशी उतरतो. पाण्याखालची ही दृश्ये टाहो नावाच्या अतिशय थंड पाण्याच्या सरोवरात चित्रित करण्यात आली. तेथे कीटनने एक मोठा विनोदी प्रसंग रचला होता. माशांचा एक प्रचंड थवा समोरून चालला आहे आणि एका मोठ्या माशाला त्यातून पलीकडे जाता येत नाही. हे पाहून नायक एक तारामासा बिल्ल्यासारखा छातीवर लावतो, चौकातील पोलिसाप्रमाणे हात वर करून थवा थांबवितो, मोठ्या माशाला वाट करून देतो, आणि मग थव्याला पुढे सोडतो. ह्यासाठी शेकडो रबरी मासे बनविण्यात आले आणि ते हलविण्याची खास योजना करण्यात आली. खर्च पुष्कळ झाला. हा आपल्या चित्रपटातील एक उत्तम विनोद होय, असे कीटनला वाटत होते.

पूर्वखेळाच्या वेळी प्रेक्षक हसले नाहीत. कीटनला ह्याचे फार नवल वाटले. कारण तेच दृश्य चित्रपटाच्या जाहिरातपटात एकटे दाखविले, तेव्हा लोक खदखदून हसत. एकच दृश्य एके ठिकाणी हसविते आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, ह्याचा अर्थ काय? विचार करता कारण ध्यानात आले. चित्रपटात नायक खाली गेला आहे तो दोघांचे प्राण वाचविण्यासाठी. वर तरुणी संकटात आहे. अशा वेळी नायक माशांची वाहतूक सांभाळीत बसला, तर प्रेक्षकांना तो विनोद कसा रुचावा? त्यांचे मन वर जहाजावर अडकलेले होते. कीटनने तो प्रसंग चित्रपटातून काढून टाकला. त्याच समुद्रतळावर एक तलवार मासा नायकावर चालून येतो आणि नायक दुसरा तलवार मासा हातात धरून त्याच्याशी तलवारीचे हात करतो, हे दृश्य मात्र राहिले. तेथे नायक आपले काम सोडून खेळत नाही. त्याच्या कामात विघ्न येते आणि ते तो दूर करतो.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९२५ साली, त्याला अगदी उलटा अनुभव आला. ‘सेव्हन चान्सेस’ ह्या त्याच्या चित्रपटातील नायकाला संध्याकाळी सात वाजण्यापूर्वी लग्न केले, तरच आजोबांची संपत्ती मिळणार असते. वर्तमानपत्रातील बातमी वाचून शेकडो वधू त्याच्यामागे धावू लागतात. चित्रपटाचा शेवट ह्या पळापळीत होत होता. पूर्वखेळात पळापळीचे दृश्य बेताचेच वठले. परंतु अगदी शेवटी, अपेक्षा नसताना, प्रेक्षकांत एकदम मोठा हशा पिकला. तो का पिकला, हे कोणाच्याच ध्यानात येईना. तेव्हा कीटन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फिल्मचा तो भाग पुन्हा लक्षपूर्वक पाहिला. डोंगराच्या उतारावरून धावताना कीटनच्या पायाचा धक्का एका धोंड्याला लागला होता. तो धोंडा आणखी दोन धोंड्यांवर आदळला आणि ते तिघे त्याच्यामागे गडगडत येऊ लागले होते. चित्रण करताना तिकडे कोणाचे लक्षही गेले नव्हते. प्रेक्षकांनी मात्र ते पाहिले. वधूंच्या जोडीला आता धोंडेही ह्याच्या पाठीस लागले, असे वाटून ते हसले, आणि ‘आता पुढे काय?’ म्हणून सरसावून बसले, तोच चित्रपट संपला!

कीटनने ह्या हसण्याचा अर्थ ओळखला. त्याने कागदाच्या लगद्याचे सुमारे पंधराशे खोटे धोंडे करविले. काही चेंडूएवढे, तर काही माणसाहून उंच. मग पुन्हा डोंगरावर जाऊन, त्या गडगडणाऱ्या धोंड्यांच्या वर्षावातून वाट काढीत पळण्याचे एक दीर्घ दृश्य त्याने चित्रित केले. आज त्या चित्रपटातील सर्वांत गाजलेले दृश्य हेच होय. त्याचे बीज कीटनला सुचलेले नव्हते. ते प्रेक्षकांच्या एका हशातून मिळाले.

ह्या दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रेक्षकांनी कीटनला कोणताही सल्ला दिला नव्हता. ‘मासे काढा’ किंवा ‘धोंडे वाढवा’ असे कोणी म्हणाले नाही. एकदा ते गप्प राहिले आणि एकदा हसले, एवढेच. त्या मौनाचा आणि त्या हसण्याचा अर्थ कीटनने स्वतः शोधला, आणि त्यावरचा उपायही त्यानेच योजला. रोग्याला आपले कोठे दुखते, हे सांगता येते. औषध कोणते द्यावे, हे वैद्याने ठरवावयाचे असते.

आता पुन्हा छत्रीच्या लघुपटाकडे वळता येईल. त्या मुलांनी आपला लघुपट प्रथम कोणाला दाखवावा? कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना दाखवून उपयोग नाही. दुसऱ्या वर्गातील पाचसहा मुले, एखादी शिक्षिका, शेजारचे एखादे वृद्ध गृहस्थ, असे निरनिराळ्या वयांचे व कथेशी अपरिचित असलेले प्रेक्षक निवडावेत. खेळापूर्वी त्यांना कथेविषयी काहीही सांगू नये. खेळ चालू असता मध्येच ‘हा मुलगा आता छत्री घेणार’ असे समजावूनही देऊ नये. कारण चित्रपट लोकांपुढे जाईल, तेव्हा समजावून देण्यासाठी त्याचे कर्ते प्रत्येकाशेजारी बसणार नाहीत. कर्त्यांपैकी एकाने घड्याळ व वही घेऊन बाजूला बसावे, आणि पडद्याकडे न पाहता प्रेक्षकांच्या चेहऱ्यांकडे पाहावे. दुसऱ्या मिनिटाला दोघे खिडकीबाहेर पाहू लागले, चौथ्या मिनिटाला सगळे स्तब्ध झाले, अशा नोंदी त्याने कराव्यात. तोंडाने माणूस भीड धरतो. चेहऱ्याला भीड धरता येत नाही.

खेळ संपल्यावर बहुतेक जण ‘आवडला का?’ असा प्रश्न विचारतात. ह्या प्रश्नाइतका निरुपयोगी प्रश्न दुसरा नाही. मुलांनी एवढे कष्ट घेतलेले पाहून कोण ‘नाही’ म्हणणार? त्याऐवजी प्रत्येकाला कागद देऊन ‘पडद्यावर काय घडले, ते चार ओळींत लिहा,’ असे सांगावे. त्यानंतर ‘कोठे काही कळले नाही?’ आणि ‘कोणता भाग लांबला असे वाटले?’ हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तरे आधी लिहून घ्यावीत आणि बोलणे मागाहून करावे. बोलणे आधी सुरू झाले, तर एखादा धीट मुलगा आपले मत मोठ्याने मांडतो आणि इतर मुले माना डोलावतात. मग सहा मते न मिळता एकच मत सहा तोंडांनी ऐकू येते.

ह्या रीतीने विचारल्यावर त्या मुलांना काय आढळून येईल? सहाही कागदांवर स्तुती असेल. ‘मुलगा फार दयाळू आहे. त्याने आपली छत्री एका अनोळखी आजीला दिली आणि स्वतः भिजत गेला,’ असे लिहिलेले असेल. प्रथम मुलांना आनंद होईल, आणि मग एकदम त्यांचे चेहरे उतरतील. कथा दयेची नव्हती. ती पश्चात्तापाची होती! छत्री मुलाची नव्हती. ती आजीचीच होती. पहिल्या दृश्यातील अंधुक छत्री कोणाच्याच दृष्टीस पडली नाही, आणि सबंध चित्रपटाचा अर्थच पालटला. ‘आवडला का?’ एवढेच विचारले असते, तर सहा वेळा ‘हो’ ऐकून मुले समाधानाने घरी गेली असती, आणि आपली कथा कोणापर्यंत पोहोचलीच नाही, हे त्यांना कधी कळले नसते.

दुसऱ्या प्रश्नाला चौघांनी एकच उत्तर दिलेले असेल: ‘मुलगा ओसरीवर उगाच फार वेळ बसतो. तो भाग कापावा.’ हा सल्ला ऐकावा काय? चौघांना तेथे कंटाळा आला, ही गोष्ट खरी आहे आणि ती नाकारता येणार नाही. परंतु त्यांनी सुचविलेला उपाय खरा असेलच, असे नाही. छत्री आजीची आहे, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला मुलगा छत्रीकडे पाहत का बसला आहे, हे कसे समजणार? त्याच्या दृष्टीने तो नुसताच बसला आहे. म्हणजे दुखणे चौथ्या मिनिटाला जाणवले, तरी त्याचे मूळ पहिल्या मिनिटात आहे. मुलांनी सल्ला शब्दशः मानून ओसरीवरचे दृश्य कापले, तर चित्रपटाचे काळीजच कापले जाईल.

प्रेक्षकांच्या मताचा असा अविचाराने उपयोग केला, तर केवढे नुकसान होते, ह्याचेही उदाहरण चित्रपटाच्या इतिहासात आहे. ऑर्सन वेल्स ह्या अमेरिकन दिग्दर्शकाने ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’ हा चित्रपट तयार केला, तेव्हा तो अवघा सव्वीस वर्षांचा होता. एका वैभवशाली घराण्याच्या ऱ्हासाची ती गंभीर कथा आहे. १९४२ सालच्या मार्च महिन्यात कॅलिफोर्नियातील पोमोना ह्या गावी त्याचा पूर्वखेळ झाला. वेल्स त्या वेळी दुसऱ्या चित्रपटाच्या कामासाठी दूर ब्राझील देशात होता. पोमोनाच्या प्रेक्षकांनी त्याच खेळात आधी एक हलकाफुलका संगीतप्रधान चित्रपट पाहिलेला होता. लगेच ही उदास कथा सुरू झाल्यावर त्यांचे मन तिच्यात रमले नाही. काही जण गंभीर प्रसंगी हसले, काही उठून गेले. मतपत्रिकांपैकी बहुतेक प्रतिकूल होत्या. परंतु काहींत चित्रपटाची मनापासून प्रशंसाही होती. दोनच दिवसांनी दुसऱ्या गावी झालेल्या खेळाला अधिक चांगला प्रतिसाद मिळाला.

तरीही चित्रपटाचे मालक घाबरले. चित्रपटात अंतिम फेरफार करण्याचा अधिकार वेल्सकडे राहिलेला नव्हता. त्याच्या अनुपस्थितीत चित्रपटाचा चाळीस मिनिटांहून अधिक भाग कापण्यात आला आणि इतरांकडून एक नवा, सुखद शेवट चित्रित करवून जोडण्यात आला. कापलेला भाग पुढे नष्ट करण्यात आला. उरलेला सुमारे अठ्ठ्याऐंशी मिनिटांचा चित्रपटही आज मोठ्या आदराने पाहिला जातो; परंतु वेल्सने घडविलेली मूळ कलाकृती कशी होती, हे आता कोणालाही पाहता येणार नाही.

पोमोनाचे प्रेक्षक खोटे बोलले, असे नव्हे. त्यांना कंटाळा आला, हे खरेच होते. तो का आला, आधी दाखविलेल्या दुसऱ्या चित्रपटाचा त्यात वाटा किती, प्रशंसा करणाऱ्यांना काय दिसले, ह्याचा शांतपणे विचार व्हावयास हवा होता. तो झाला नाही. कीटनने दुखण्याचे कारण शोधले आणि नेमके तेवढेच काढून टाकले. येथे कारण शोधण्यापूर्वीच कात्री चालली.

छत्रीच्या लघुपटातील मुलांनी कीटनचा मार्ग धरावा, हे उघड आहे. प्रथम त्यांनी मूळ लघुपटाची एक प्रत जशीच्या तशी जपून ठेवावी. म्हणजे बदल फसला, तरी मागे येता येते. मग आलेल्या सूचनांची वर्गवारी करावी. ‘एखादे गाणे घाला,’ असे एकट्याने म्हटले असेल, तर ती त्याची आवड समजावी. सहाजणांना एकच गोष्ट कळली नाही, तर तो चित्रपटाचा दोष मानावा. त्यानंतर सर्वांत मोठा दोष आधी दूर करावा. येथे तो पहिल्या दृश्यातील आहे. त्यासाठी मुलांना पुन्हा थांब्यावर जावे लागेल. आजी छत्री मिटून, तिचे पाणी झटकून ती बाकाला टेकवून ठेवते, आणि गाडी निघून गेल्यावर रिकाम्या बाकाजवळ एकटी छत्री उरते, एवढे दाखविले की पुरे. सारा मिळून सातआठ सेकंदांचा ऐवज!

ढगांच्या दृश्याचे काय करावे? वहीतील नोंद स्पष्ट आहे: तेथे तिघे खिडकीबाहेर पाहू लागले होते. येथे मुलांत वाद होईल. ज्याने तीन पहाटा चिखलात उभे राहून मोबाइल धरला, त्याचे डोळे कदाचित पाणावतील. त्याच्या कष्टांचा मान ठेवावा. परंतु दृश्य किती ठेवावयाचे, हे कष्टांवरून ठरवू नये. चाळीस सेकंदांऐवजी सहा सेकंद ठेवले, तर पाऊस येत असल्याची सूचना मिळते आणि कथाही थांबत नाही. असा निर्णय जो मुलगा स्वतः होऊन घेईल, तो त्या दिवशी चित्रपटकलेतील एक मोठा धडा शिकला, असे म्हणावे लागेल.

ह्या दुरुस्त्या झाल्यावर लघुपट पुन्हा दाखवावा. मात्र आता प्रेक्षक नवे हवेत. जुन्या प्रेक्षकांना कथा ठाऊक झालेली असते, आणि त्यांचे डोळे आता कर्त्यांच्या डोळ्यांसारखेच झालेले असतात. नव्या प्रेक्षकांपुढे खेळ सुरू होतो. गाडी निघून जाते, रिकाम्या बाकाजवळ छत्री उरते, आणि कोणीतरी हळूच ‘अरे, छत्री राहिली!’ असे पुटपुटते. बाजूला वही घेऊन बसलेल्या मुलाला तेवढे शब्द पुरेसे असतात. पुढे मुलगा ओसरीवर बसतो. ते दृश्य पूर्वीइतकेच लांब आहे. त्यातील एक सेकंदही कमी केलेला नाही. परंतु आता कोणी चुळबुळ करीत नाही. मुलाच्या मनात काय चालले आहे, हे सर्वांना कळलेले असते, आणि तो काय करील, म्हणून सर्वजण वाट पाहत असतात. शेवटी कागदावर कोणी ‘मुलाला लाज वाटली’ असे लिहितो, कोणी ‘त्याने चूक केली, पण ती सुधारली’ असे लिहितो. शब्द निराळे असले, तरी कथा तीच असते. मुलांनी मनाशी योजलेली.

आपल्या कामातील दोष दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे कोणालाच गोड लागत नाही. पहिल्या खेळाच्या दिवशी त्या मुलांना वाईट वाटले, यात नवल नाही. परंतु ज्यांनी त्यांची चूक दाखविली, त्यांना ती चूक आहे, हेही ठाऊक नव्हते. त्यांनी केवळ जे दिसले, ते प्रामाणिकपणे सांगितले. असे प्रामाणिक पाहणारे मिळणे हे भाग्य होय. आणि त्यांनी सांगितलेले शांतपणे ऐकून, त्यातून आपल्या कामाला हवे तेवढे नेमके उचलणे, हे कलावंताचे कर्तव्य होय. मडक्याला तडा गेलेला असेल, तर तो आवाजावरून घरीच कळलेला बरा. बाजारात गिऱ्हाइकाच्या हातात मडके फुटण्यापेक्षा त्यात कुंभाराची अब्रू अधिक राहते.